हाताखाली तयार झालेली माणसं

1818 च्या फेब्रुवारीत अष्टीच्या लढाईत सेनापती बापू गोखले पडले आणि दुसऱ्या बाजीरावाच्या छावणीतून साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. महाराज तेव्हा पंचविशीत होते. आजवरचं सगळं आयुष्य पेशव्यांच्या नजरेखाली गेलेलं, त्यामुळे प्रत्यक्ष कारभार असा कधी हाती आलाच नव्हता. दख्खनचा कमिशनर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने साताऱ्याचं राज्य त्यांना द्यायचं ठरवलं, पण एकदम नाही. कारभार आधी कॅप्टन जेम्स ग्रँट पाहील, पाहता पाहता महाराजांना शिकवेल, आणि ते तयार होतील तसतशी सूत्रं त्यांच्या हाती जातील, अशी व्यवस्था झाली. 25 सप्टेंबर 1819 च्या तहाने तिच्यावर शिक्कामोर्तब झालं.

शिकवणारा ग्रँट स्वतः तिशीच्या आतलाच. पुढे ग्रँट डफ म्हणून मराठ्यांचा इतिहास लिहिणारा तो हाच. साताऱ्यात त्याच्याकडे दुहेरी काम होतं: रोजचा महसूल, न्याय, फौजफाटा सांभाळायचा आणि त्याच वेळी आपल्याला इथून उठता येईल अशी तयारी करायची. 5 एप्रिल 1822 रोजी महाराजांना पूर्ण अधिकार मिळाले. त्यांनी पुढच्या काळात सातारा शहराला पाणी आणलं, रस्ते बांधले, शाळा काढली, छापखाना घातला. शिकवणी वाया गेली नव्हती. स्वतंत्र बुद्धीने वागणारा हा राजा पुढे मुंबई सरकारला नकोसा झाला आणि 1839 मध्ये त्यांना पदच्युत करून काशीला पाठवण्यात आलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले, पण उपयोग झाला नाही. 1847 मध्ये महाराज काशीलाच वारले. शिष्य तयार होणं आणि तयार झालेला शिष्य सहन होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सरकारी कचेऱ्यांच्या इतिहासात हे पुन्हा पुन्हा दिसतं.

आज अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात ‘कोचिंग’ आणि ‘मेंटॉरिंग’ हे विषय असतात. हाताखालच्या माणसाला काम नुसतं सोपवू नये, ते करता येईल असा त्याला घडवावा, त्याचं ऐकावं, चूक वेळेवर आणि तोंडावर सांगावी, आणि मग बाजूला व्हावं, एवढा त्याचा गाभा. त्यावर आता अभ्यासक्रम आहेत, पुस्तिका आहेत. ही कला मात्र त्याहून पुष्कळ जुनी आहे, आणि महाराष्ट्रातल्या सरकारी दप्तरांत तिचे चढउतार चांगले वाचता येतात.

पेशवाईत कारकून घडायचा तो कचेरीत बसूनच. पुण्याचं हुजूर दप्तर म्हणजे हिशेबांचं आणि कागदपत्रांचं केवढं तरी मोठं यंत्र होतं. त्यात ‘चालते दप्तर’ आणि ‘एकबेरीज दप्तर’ अशी दोन मुख्य अंगं. एकात चालू व्यवहार, दुसऱ्यात त्यांची वर्गवारी आणि गोषवारे. ही कामं पुस्तकातून शिकण्यासारखी नव्हती. मुलगा आधी मोडी गिरवायचा, मग जुन्या कागदांच्या नकला करायचा, मग एखाद्या जाणत्या कारकुनाच्या शेजारी बसून यादी, ताळेबंद, जाबता यांचे मायने हळूहळू उचलायचा. पत्र कुणाला कोणत्या मायन्याने लिहायचं याचे ‘मेस्तक’ नावाचे नमुनेही होते, आणि परंपरेने ते हेमाडपंतांच्या नावावर सांगितले जातात. पण नमुना हातात असला तरी तो केव्हा वापरायचा हे शेजारचा माणूसच सांगायचा.

इंग्रजी अमल आल्यावरही ही रीत मोडली नाही. मामलेदाराच्या कचेरीत पगाराशिवाय राबणारे उमेदवार असत. जागा रिकामी होईल या आशेवर ते महिनोन् महिने नकला करत, वसुलीचे तक्ते भरत, साहेबाची फिरती निघाली की दप्तराची गाठोडी बांधत. उमेदवारीत अन्याय पुष्कळ होता हे सांगितलंच पाहिजे. फुकट राबवून घेणं होतं, आणि कचेरीत शिरकाव मिळायचा तो बहुधा नात्यातून आणि जातीतून. ज्याचा काका किंवा मामा आत नाही, त्याला शेजारी बसवून घेणारं कुणी नव्हतं. ब्राह्मण आणि प्रभू घराण्यांकडे कारकुनी पिढ्यानपिढ्या राहिली ती अक्षराच्या वळणामुळे जितकी, तितकीच या शेजारामुळे. तरीही शिकण्याची पद्धत म्हणून उमेदवारीत एक गोष्ट खरी होती: वरच्या माणसाच्या डोळ्यांसमोर काम व्हायचं, आणि चूक तिथल्या तिथे दुरुस्त व्हायची.

उलट वरच्या साहेबांच्या शिक्षणात हा भाग नव्हताच. ईस्ट इंडिया कंपनीने 1806 मध्ये इंग्लंडात आपल्या भावी अधिकाऱ्यांसाठी कॉलेज काढलं. ते पुढे हेलिबरीचं कॉलेज म्हणून ओळखलं गेलं. तिथे संस्कृत, फारसी, कायदा, इतिहास असे विषय होते आणि अर्थशास्त्र शिकवायला खुद्द माल्थस होता. पण विशीतला पोरगा मुंबई इलाख्यात असिस्टंट कलेक्टर म्हणून उतरला, की त्याच्या हाताखाली त्याच्या दुप्पट वयाचा शिरस्तेदार असायचा, आणि साहेबाला जमाबंदी शिकवायचं काम त्या शिरस्तेदारावर येऊन पडायचं. खालच्याने वरच्याला घडवायचं, आणि तेही त्याच्या मानाला धक्का न लावता. हे काम ज्यांनी केलं त्यांची नावं गॅझेटियरमध्ये शोधून सापडत नाहीत.

हेलिबरीच्या शिक्षणात काय राहून गेलं होतं, हे इंदापूर तालुक्याने चांगलंच दाखवलं.

माल्थसचा विद्यार्थी रॉबर्ट कीथ प्रिंगल याच्याकडे 1820 च्या दशकात पुणे भागातल्या जमीन पाहणीचं काम आलं. माणूस हुशार होता. जमिनीचं निव्वळ उत्पन्न किती आणि त्यातला सरकारचा वाटा किती, याचं त्याने अर्थशास्त्राच्या पुस्तकाला शोभेल असं बारीक गणित मांडलं. पण जमीन मोजणारे आणि तिची प्रत ठरवणारे कारकून गावोगाव काय करत आहेत, यावर त्याची नजर पोचली नाही. त्यांना नीट शिकवलं गेलं नाही आणि त्यांचं काम तपासलंही गेलं नाही. मोजणी चुकली, प्रतबंदीत लबाडी झाली, पैसे देणाऱ्याची काळी जमीन हलकी ठरली आणि न देणाऱ्याचा माळ भारी. इंदापुरात सारा भरणं अशक्य झालं. रयत गावं सोडून निजामाच्या मुलखात निघून गेली आणि शेतं पडीक पडली.

1835 मध्ये हेच इंदापूर असिस्टंट कलेक्टर गोल्डस्मिड आणि इंजिनिअर लेफ्टनंट विंगेट यांच्याकडे आलं. त्यांनी प्रिंगलचं सूक्ष्म गणित बाजूला ठेवलं आणि कारकुनाला शेतात उभं राहून वापरता येईल अशी पद्धत बसवली. मातीच्या रंग-पोतावरून तीन जाती, खोलीवरून उतरत्या नऊ प्रती. खोली पाहायची ती फार तर पावणेदोन हात, कारण त्याखाली माती कितीही असली तरी पिकाला फरक पडत नाही असं त्यांनी मानलं. शेताचा नकाशा चौकटींत पाडायचा, प्रत्येक चौकटीत मातीची प्रत आणि चुनखडी, वाळू, उतार, पाण्याचा निचरा न होणं असे दोष ठरावीक खुणांनी मांडायचे. या खुणांमुळे कारकुनाने काय पाहिलं आणि कसा विचार केला हे कागदावर उघडं पडायचं. मग पाहणी खात्याचा असिस्टंट त्याच शेतात जाऊन काही चौकटी स्वतः तपासायचा आणि दोघांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवायचा. फरक कुठे पडला हे कारकुनाला त्याच्याच खुणांवरून दाखवता येत असे.

हाताखालच्या माणसाला घडवण्याचं यापेक्षा चोख उदाहरण एकोणिसाव्या शतकाच्या मुंबई इलाख्यात शोधून सापडणं अवघड आहे. कामाचे तुकडे पाडलेले, प्रत्येक तुकड्याचा निकष सांगितलेला, तपासणी माणसाच्या हेतूवर नसून नोंदीवर. पाहणी अधिकाऱ्यांच्या 1847 च्या संयुक्त अहवालात ही पद्धत नियमबद्ध झाली, आणि इलाखाभर तीस-तीस वर्षांच्या जमाबंद्या तिच्यावर उभ्या राहिल्या. तिच्यातल्या साऱ्याच्या दरांवर पुढे कडक टीका झाली आणि ती योग्यच होती. पण आज भूमी अभिलेख कार्यालयात जुनी प्रतबंदीची बुकं काढली जातात तेव्हा त्यातल्या खुणा वाचता येतात, याचं श्रेय ज्यांनी त्या शिकवल्या आणि ज्यांनी शिकून घेतल्या त्या दोघांनाही आहे.

इंदापूरच्या पाहणीनंतर पन्नास वर्षांनी याच इलाख्यात, पुण्यात, एक वेगळी शिकवणी चालू झाली. ती सरकारी हुकमाने नव्हती, पण शिकवणारा सरकारी नोकर होता.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे न्यायखात्यात होते आणि लोकांच्या मागण्या सरकारपुढे मांडणाऱ्या पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या कामामागची बुद्धीही त्यांचीच. गोपाळ कृष्ण गोखले 1885 मध्ये न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक म्हणून आले तेव्हा विशीच्या आतच होते. थोड्याच काळात ते रानड्यांकडे जाऊ लागले, आणि हा क्रम चौदा-पंधरा वर्षं चालला. रानडे त्यांच्यापुढे सरकारी अहवाल टाकत. महसूल, मीठ, लष्कराचा खर्च, अंदाजपत्रकं. आकड्यांतून अर्थ काढायचा, गोषवारा करायचा, सरकारला पाठवायच्या अर्जाचा मसुदा लिहायचा. मसुदा आला की रानडे तो वाचत, कमी-जास्त दाखवत आणि पुन्हा लिहायला लावत. स्तुती फारशी नसे. विधान करायचं तर त्याच्याखाली आधार हवा, आणि सरकारच्या विरुद्ध लिहायचं तर सरकारचेच आकडे हातात हवेत, ही शिस्त त्या मसुद्यांतून अंगी मुरली.

1897 मध्ये लंडनला, हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला गोखले गेले तेव्हा ते तिशीतच होते. त्यांच्या साक्षीच्या तयारीमागे रानडे होते आणि सरकारी शाळेचे हेडमास्तर गणेश व्यंकटेश जोशी होते. आकडेशास्त्रात जोशींचा हात धरणारा त्या काळी हिंदुस्थानात क्वचितच कुणी असेल. दोघेही सरकारी नोकरीतले, त्यामुळे त्यांना स्वतःला तिथे उभं राहता येत नव्हतं. त्यांनी तिसऱ्याला उभं केलं. कमिशनच्या सभासदांनी उलटतपासणी केली तेव्हा गोखले डळमळले नाहीत. 16 जानेवारी 1901 रोजी रानडे गेले. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये गोखल्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात अंदाजपत्रकावरचं पहिलं भाषण केलं आणि शिलकी अंदाजपत्रकाचा अर्थ रयतेकडून गरजेपेक्षा जास्त घेतलेला पैसा असा होतो, हे सरकारच्याच आकड्यांनी दाखवून दिलं.

गोखल्यांनी ही परंपरा लिहून ठेवली, हे त्यांचं मोठेपण. 12 जून 1905 रोजी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन झाला तेव्हा प्रत्येक सभासदाने पहिली पाच वर्षं प्रशिक्षणात काढावीत असा नियम त्यांनी घातला. अभ्यास, प्रवास, टिपणं, आणि हे सगळं वडीलधाऱ्या सभासदाच्या देखरेखीखाली. रानड्यांकडे योगायोगाने मिळालेलं शिक्षण त्यांनी संस्थेचा नियम करून टाकलं.

सरकारने मात्र त्याच काळात दुसरीच एक चाल पक्की केली. वरिष्ठाने कनिष्ठाविषयी वर्षातून एकदा गोपनीय अहवाल लिहायचा आणि तो वर पाठवायचा. ज्याच्याविषयी लिहिलंय त्याला तो दिसायचा नाही. फार तर एखादा प्रतिकूल शेरा कळवला जायचा. स्वातंत्र्यानंतरही हा गोपनीय अहवाल, म्हणजे ‘सीआर’, तसाच राहिला. कितीतरी कारकून, तहसीलदार, इंजिनिअर तीस-तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाले आणि साहेबाचं आपल्याविषयी खरं मत काय होतं हे त्यांना कधीच कळलं नाही. या अहवालाने जितकं नुकसान केलं तितकं कोणत्याही तुटपुंज्या प्रशिक्षणाने केलं नसेल. चूक तोंडावर सांगण्याचं अवघड काम साहेबाला टाळता आलं, कारण ती लिहून ठेवायची सोय त्याच्याकडे होती.

21 एप्रिल 1947 रोजी सरदार पटेल दिल्लीच्या मेटकाफ हाउसमध्ये भारतीय प्रशासन सेवेच्या पहिल्या उमेदवारांपुढे बोलले. तिथलं प्रशिक्षण विद्यालय आणि सिमल्याचं स्टाफ कॉलेज एकत्र करून 1959 मध्ये मसुरीला राष्ट्रीय प्रबोधिनी उभी राहिली. 1969 पासून तिथे दोन टप्प्यांच्या मध्ये जिल्हा प्रशिक्षण घालण्याची पद्धत आली. परिविक्षाधीन अधिकारी जिल्ह्यात येतो, तलाठ्याबरोबर फेरफार पाहतो, तहसील कचेरीत बसतो, कलेक्टरबरोबर फिरतीला जातो, आणि मग मसुरीला परत जाऊन जे पाहिलं ते मांडतो. जुन्या उमेदवारीचाच हा सुधारलेला अवतार म्हणता येईल, यात फक्त पगार आहे आणि नात्याची अट नाही. ज्याला कलेक्टर चांगला मिळाला त्याचं वर्ष सोन्याचं झालं. ज्याला नाही मिळाला, त्याने ते सरकारी विश्रामगृहात काढलं.

1950 च्या दशकातच हैदराबादला आणखी एक प्रयोग झाला. 1956 मध्ये स्थापन झालेल्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेजचे पहिले प्राचार्य होते कोल्हापुरात जन्मलेले, नुकतेच लष्करप्रमुखपदावरून निवृत्त झालेले जनरल श्रीनागेश, आणि पुढे त्याच्या नियामक मंडळाची धुरा चिंतामणराव देशमुखांनी दीर्घकाळ वाहिली. इंग्लंडमधल्या हेन्लीच्या कॉलेजाचा नमुना इथे घेतला होता. सरकारी खातं, सरकारी उद्योग आणि खासगी कंपनी यांतले अनुभवी अधिकारी छोट्या गटांत बसायचे. प्रत्येक विषयाला गटाचा अध्यक्ष बदलायचा, आणि कॉलेजचा प्राध्यापक बहुतेक वेळ गप्प राहायचा. वीस वर्षं हुकूम देत आलेल्या माणसाला, आपल्या बरोबरीच्या दहा जणांकडून एकमताने अहवाल काढून घेणं किती कठीण असतं, हे तिथे कळायचं. ऐकण्याचं शिक्षण देणारी एवढी गंभीर सोय सरकारी अधिकाऱ्यांना त्याआधी मिळालेली नव्हती.

खालच्या थरात याहून धाडसी काम उत्तर प्रदेशातल्या इटावा जिल्ह्यात झालं होतं. 1948 मध्ये अमेरिकी नियोजनकार अल्बर्ट मेयर यांनी तिथे ग्रामविकासाचा पथदर्शी प्रकल्प सुरू केला. गावात लोकशाही आणायची तर आधी खात्याच्या आत ती आणावी लागेल, हा त्यांचा आग्रह. ग्रामस्तरावरचा कार्यकर्ता बैठकीत वरिष्ठांसमोर मोकळेपणाने बोलला पाहिजे, योजना चुकली तर ती चुकली असं म्हणू शकला पाहिजे, आणि वरिष्ठाचं काम त्याला कामात मदत करण्याचं आहे. 1952 मध्ये देशभर सामूहिक विकास योजना आली ती इटाव्याचा अनुभव गाठीशी बांधून. पण विस्तार होताना लक्ष्यं आली, तक्ते आले, आणि बैठकीत आधी खालच्याने बोलायचं ही गोष्ट वाटेत गळून पडली. त्या योजनेचं खरं मर्म तेच होतं, आणि ते जपायला पैसा लागत नव्हता.

महाराष्ट्राच्या कृषी खात्यातली जुनी मंडळी ‘प्रशिक्षण व भेट’ योजनेची आठवण अजून काढतात. इस्रायली तज्ज्ञ डॅनिएल बेनोर यांची ही पद्धत जागतिक बँकेच्या मदतीने 1970 च्या दशकात भारतात आली आणि 1980 च्या दशकात राज्यात रुजली. दर पंधरवड्याला ठरलेल्या दिवशी गावपातळीवरच्या कर्मचाऱ्याचं प्रशिक्षण, आणि बाकीच्या दिवशी ठरलेल्या गावांत संपर्क शेतकऱ्यांच्या भेटी. वरचा अधिकारी शिवारात येऊन पाहणार, आणि शेतकऱ्याने विचारलेला प्रश्न पुढच्या प्रशिक्षणात विषय तज्ज्ञापुढे जाणार. पहिल्या वर्षांत याचा जोर होता. नंतर तोच तो संदेश पुन्हा पुन्हा जाऊ लागला, भेटी डायरीपुरत्या उरल्या आणि पैसा आटला तशी योजनाही ओसरली. तरीही कनिष्ठ कर्मचाऱ्याला पंधरा दिवसांनी नेमाने शिकवणारी आणि त्याचा प्रश्न वर नेणारी दुसरी योजना राज्यात क्वचितच झाली असेल.

सरकारी बँका आणि उद्योगांत कनिष्ठाला घडवण्याची ही वाट मुंबईतून उघडली. 1975 मध्ये अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेचे उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांनी लार्सन अँड टुब्रोसाठी मनुष्यबळ विकासाची योजना आखली. कामाचं मूल्यमापन करून थांबू नये, त्यावर वरिष्ठाने कनिष्ठाशी बसून बोलावं आणि पुढच्या वर्षाची तयारी दोघांनी मिळून ठरवावी, हा तिचा एक खांब होता. कंपनी खासगी, पण काही वर्षांतच हे विचार स्टेट बँकेने उचलले आणि तिथून ते इतर सरकारी उद्योगांत गेले. बँकेच्या शाखाधिकाऱ्याने आपल्या कॅशियरशी त्याच्या कामाबद्दल अर्धा तास दार लावून बोलावं, ही त्या काळच्या सरकारी वातावरणात साधी गोष्ट नव्हती.

महसूल खात्यात हेच काम अहमदनगरला झालं, आणि तेही कुठल्या सल्लागाराशिवाय. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला कलेक्टर अनिलकुमार लखिना यांनी कचेरीची बसण्याची मांडणी, दप्तराची लावणी आणि प्रत्येक टेबलाच्या कामाची पद्धत बदलली. हा बदल त्यांनी कर्मचाऱ्यांना सोबत घेऊन केला. कोणत्या कामाला किती टप्पे लागतात आणि त्यातले कोणते नकोत, हे टेबलावरच्या कारकुनाइतकं कुणालाच माहीत नसतं, हे त्यांनी ओळखलं होतं. ‘लखिना पॅटर्न’ म्हणून तो राज्यभर गाजला. इतर जिल्ह्यांनी त्यातल्या रॅक, फायली आणि फलक उचलले. कारकुनाशी बसून बोलण्यात गेलेले दिवस उचलणं मात्र फार थोड्यांना जमलं.

प्रशिक्षणाच्या संस्थाही वाढत होत्या. 1963 मध्ये मुंबईत सुरू झालेलं राज्याचं ॲडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेज 1984 मध्ये पुण्यात आलं आणि 1990 मध्ये यशवंतराव चव्हाण विकास प्रशासन प्रबोधिनी, म्हणजे यशदा झालं. बँकिंग, विमा, सहकार, रेल्वेचं स्थापत्य अशा कितीतरी क्षेत्रांच्या राष्ट्रीय प्रशिक्षण संस्था याच शहरात आहेत. केंद्राच्या कार्मिक खात्याने प्रशिक्षकच घडवण्याचा कार्यक्रम हाती घेतला आणि त्यात मेंटॉरिंगचा वेगळा अभ्यासक्रमही आला. 1996 मध्ये पहिलं राष्ट्रीय प्रशिक्षण धोरण आलं, 2012 मध्ये ते सुधारलं.

पण सर्वांत मोठा फरक पडला तो न्यायालयामुळे. सीमा रस्ते संघटनेतल्या देव दत्त नावाच्या कार्यकारी अभियंत्याला 1993-94 च्या अहवालात ‘चांगला’ असा शेरा मिळाला होता. बढतीला ‘अति उत्तम’ लागत होता. एका वर्षाच्या त्या शेऱ्याने त्याची बढती हुकली, आणि शेरा प्रतिकूल नव्हता म्हणून त्याला तो कुणी कळवलाही नाही. 12 मे 2008 रोजी देव दत्त खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: शेरा वाईट असो, बरा असो वा उत्तम, प्रत्येक शेरा संबंधित माणसाला कळवलाच पाहिजे, म्हणजे त्याला सुधारता येईल किंवा दाद मागता येईल. 2013 मध्ये तीन न्यायाधीशांच्या खंडपीठाने यावर पुन्हा मोहोर उमटवली. शतकभर बंद असलेला लखोटा उघडला गेला. साहेबाने लिहिलेलं आता कनिष्ठ वाचणार होता, म्हणजे साहेबाला ते आधी बोलून दाखवणं भाग होतं.

तसं सर्वत्र झालं का? झालं नाही. कित्येक कचेऱ्यांत कटकट नको म्हणून सगळ्यांनाच वरचे गुण देण्याची वाट धरली गेली, आणि बोलणं पुन्हा टळलं. 2 सप्टेंबर 2020 रोजी केंद्राने मिशन कर्मयोगी मंजूर केलं, त्यानंतर लाखो कर्मचारी मोबाइलवर अभ्यासक्रम पुरे करू लागले. नियम, संगणक, कार्यपद्धती यांसाठी ही सोय उत्तमच आहे. दुर्गम तालुक्यातल्या ग्राममहसूल अधिकाऱ्यालाही आता दिल्लीतला पाठ मिळतो. पण पहिला मसुदा फाडून दुसरा कसा लिहायचा हे शेजारी बसून दाखवणारा रानडे पडद्यावर मिळत नाही, आणि शेतात उभं राहून चौकट तपासणारा विंगेटचा असिस्टंटही नाही.

भारतीय प्रशासन सेवेच्या वार्षिक मूल्यमापन अहवालात हाताखालच्यांना प्रोत्साहन देऊन घडवण्याची क्षमता हा निकष आजही आहे. इतर अनेक निकषांच्या रांगेत तो एका आकड्याने भरला जातो आणि पान उलटतं. तिथे आकड्याबरोबर नावं मागितली जावीत: या वर्षी कोणत्या कनिष्ठाला कोणतं काम शिकवलं, आणि तो आता ते एकट्याने करतो का. राज्याच्या अहवालातही हाच प्रश्न यावा, आणि तो कलेक्टरला जसा तसा अव्वल कारकुनालाही विचारला जावा. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, नवी संस्था लागत नाही. सामान्य प्रशासन विभागाचा एक शासन निर्णय पुरेसा आहे, आणि तो काढायला आता उशीर करू नये.